मोटारीचे स्टिअरिंग : हौस आणि सुरक्षितता

ठाकुर्ली हे मध्य रेल्वेवरील डोंबिवली व कल्याण यांच्या मधले स्थानक. येथील नोकरदार सकाळी लोकलने मुंबईकडे जातात आणि रात्री परततात. घरी मोटार असलीच, तर ती बहुधा आठवडाभर इमारतीखाली उभी असते आणि रविवारी किंवा सणावारी बाहेर निघते. येथील एका शिक्षक स्नेह्यांनी अलीकडे अशीच एक वापरलेली मोटार विकत घेतली. रंग चांगला, इंजिन चांगले; पण घरात कौतुक झाले ते तिच्या स्टिअरिंगचे. पूर्वीच्या मालकाने कारखान्यातून आलेले मूळ चाक काढून त्या जागी शर्यतीच्या मोटारीत असते तसे लहान, तीन आऱ्यांचे, लाल दोऱ्याने शिवलेले चाक बसविले होते. मालशेज घाटातून जुन्नरकडे जाण्याचा बेत ठरला, तेव्हा त्यांच्या मुलीने सहज विचारले, "बाबा, काकांच्या गाडीच्या चाकावर मधोमध एअरबॅग असे लिहिलेले आहे. आपल्या चाकावर तसे काहीच नाही. मग आपली एअरबॅग कोठे आहे?"

या प्रश्नाचे उत्तर घरात कोणापाशीच नव्हते. ते उत्तर मोटार वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असणे आवश्यक आहे.

चाक जेव्हा केवळ चाक होते

मोटारीचे चाक बदलण्याची हौस नवी नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी रस्तोरस्ती दिसत असे, त्या काळीही अनेक हौशी मालक मूळचे मोठे, बारीक कड्याचे चाक काढून लहान चाक बसवीत. याच प्रीमियर कंपनीचा दुसरा कारखाना ठाकुर्लीपासून जवळच, डोंबिवली परिसरात कल्याण-शीळ मार्गावर होता व १९९० च्या दशकात तेथे प्यूजो ३०९ ही मोटार तयार होत असे. त्यामुळे मोटार आणि तिचे सुटे भाग यांची ओळख या भागातील कामगारवस्तीला पूर्वीपासून आहे.

पद्मिनीचे चाक हे केवळ चाक होते. मध्यभागी नट, भोवती दातेरी खाचा असलेला दांडा आणि हॉर्नची एक तार, एवढाच त्याचा संसार. ते बदलल्याने झालाच तर तोटा हाताच्या श्रमाचा होई. यामागील शास्त्र शाळेतील तरफेच्या पाठाचेच आहे. चाकाचा व्यास जेवढा कमी, तेवढा ते फिरविण्यास जोर अधिक लागतो. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाऐवजी ३३ सेंटिमीटरचे चाक बसविले, तर तेवढेच वळण घेण्यास सुमारे १५ टक्के अधिक जोर लावावा लागतो. शिवाय चाक लहान झाले की हाताच्या थोड्याशा हालचालीनेही मोटार अधिक वळते. घाटातील वळणावर किंवा पावसाळ्यातील निसरड्या रस्त्यावर हा फरक चालकाच्या सवयीच्या विरुद्ध जातो. विद्युत साहाय्य असलेल्या आजच्या मोटारींत श्रमाचा भाग जाणवत नाही. परंतु आता धोका अन्य ठिकाणी आहे.

चाकाच्या आत काय असते?

आजच्या मोटारीत चाकाच्या मध्यभागी असलेल्या फुगीर आवरणाखाली एअरबॅग, म्हणजे घडी घालून ठेवलेली कापडी पिशवी असते. तिच्यामागे वायू निर्माण करणारे रसायन भरलेली लहानशी डबी असते. मोटारीची समोरून जोरदार टक्कर झाली की संवेदक ती ओळखतात, विजेचा इशारा डबीकडे जातो, रसायन पेटते आणि सुमारे ३० ते ४० सहस्रांश सेकंदात पिशवी फुगते. डोळ्याची पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो. चालकाचे डोके व छाती कठीण वस्तूवर आदळण्याऐवजी या पिशवीवर विसावतात आणि पिशवीतील वायू मागील छिद्रांतून बाहेर पडत असल्याने धक्का शोषला जातो. ही व्यवस्था आसनपट्ट्याला पूरक आहे, पर्याय नव्हे. पट्टा न लावता पुढे झुकून बसणाऱ्यास वेगाने फुगणारी पिशवीच इजा करू शकते.

चाक तर सतत फिरत असते. मग विजेची तार तुटत कशी नाही? यासाठी चाकामागे घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली एक चपटी तार बसविलेली असते. चाक फिरते तशी ती उलगडते व पुन्हा गुंडाळली जाते. हॉर्नचा आणि चाकावरील अन्य बटणांचा प्रवाहही तिच्यातूनच जातो. अनेक मोटारींत चाक किती अंशांनी वळले आहे हे मोजणारा संवेदकही याच ठिकाणी असतो व घसरणारी मोटार सावरणारी यंत्रणा त्याच्या नोंदीवर अवलंबून राहते. चाक काढताना ही तार एखाद-दुसरा वेढा चुकीची बसली, तर पुढे वळणावर ती तुटते आणि एअरबॅग निकामी होते.

याखेरीज चाकाचे कडे, आरे व त्याखालचा दांडा ही सर्व टकरीत दबून धक्का शोषतील अशा हिशेबाने घडविलेली असतात. असे दबणारे दांडे अमेरिकेत १९६७ पासून मोटारींत येऊ लागले. चालकासमोरील एअरबॅग भारतात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींत सक्तीची झाली. या सर्व भागांची चाचणी एकत्रितपणे, मोटारीच्या मूळ नमुन्यावर केली जाते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था असे काम करणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. बाजारातून आणलेले चाक त्या विशिष्ट मोटारीसह तपासलेले नसते. त्यात पिशवी नसते, एवढेच नव्हे, तर आघातात ते दबेल की मोडून छातीत घुसेल, हेही ठाऊक नसते.

विझलेला दिवा

मूळ चाकाबरोबर एअरबॅग निघाली की समोरच्या फलकावरील सूचक दिवा सतत पेटून राहतो. काही ठिकाणी यावर तोड म्हणून दिव्याचाच संबंध तोडला जातो किंवा यंत्रणेस फसविणारा विद्युत रोधक बसविला जातो. दोष तसाच राहतो. दिसेनासा होते ती केवळ सूचना. पुढे मोटार विकली जाते आणि घेणाऱ्यास काहीच कळत नाही. आमच्या शिक्षक स्नेह्यांच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. पूर्वीच्या मालकाची हौस फिटली होती. तिची किंमत मात्र चुकवावी लागली असती ती एका अनभिज्ञ कुटुंबाला.

कायदा काय सांगतो?

नोंदणी प्रमाणपत्रात चाकाची नोंद नसते. तेव्हा ते बदलल्यास कायद्याची हरकत कशी, असा युक्तिवाद ऐकू येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरबदलांसंबंधी आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती अधिनियमाने कलम १८२अ घालण्यात आले. अधिनियम किंवा नियम यांनी अनुमती न दिलेल्या रीतीने, सुटे भाग बसवूनही, वाहनात फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंगची यंत्रणा सुस्थितीत असली पाहिजे आणि चाकाची मोकळी हालचाल ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. विमा कंपनीस न कळविता केलेला फेरबदल अपघातानंतर दाव्याच्या वेळी वादाचे कारण होतो, हेही ध्यानात ठेवावे.

कायदा गरजेकडे पाठ फिरवीत नाही. दिव्यांग व्यक्तीसाठी वाहनात करावयाच्या आवश्यक फेरबदलांना नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने वाव आहे. चाक झिजले वा तडकले असेल, तर त्याच कंपनीचे, त्याच मोटारीसाठीचे चाक अधिकृत केंद्रात बसवून घ्यावे. हे काम रस्त्याकडेला उरकण्याचे नव्हे; कारण बॅटरीचा संबंध तोडून ठरावीक वेळ थांबल्याविना चाकाला हात लावल्यास पिशवी अवचित फुगू शकते. पकड चांगली हवी असल्यास घट्ट बसणारे, न घसरणारे आवरण केवळ कड्यावर चढवावे. मधला भाग कधीही झाकू नये.

आपण काय करावे?

जुनी मोटार घेताना, तसेच पंचायत समिती वा अन्य कार्यालयासाठी मोटार भाड्याने घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, चाकावर त्याच कंपनीचे चिन्ह आणि एअरबॅगची खूण आहे काय? दोन, चावी फिरविताच एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझतो काय? तो पेटलाच नाही किंवा पेटूनच राहिला, तर दोष आहे असे समजावे. तीन, मोटार सरळ उभी असता चाक सरळ आहे काय व ते सैल तर नाही ना? या तपासणीस पैसा लागत नाही आणि पाच मिनिटांहून अधिक वेळही लागत नाही. शिक्षकांनी तरफेचा पाठ शिकविताना हे उदाहरण घेतले, तर उद्याच्या चालकांपर्यंत ही माहिती आपोआप पोहोचेल.

ठाकुर्लीच्या त्या कुटुंबाने सहलीचा बेत पुढे ढकलला आणि अधिकृत केंद्रातून मूळ पद्धतीचे चाक एअरबॅगसह बसवून घेतले. खर्च बराच आला. मोटार घरी आली तेव्हा मुलीने वडिलांना चावी फिरवावयास सांगितली. दिवा पेटला, काही क्षण राहिला आणि विझला. त्यानंतरच्या रविवारी ते मालशेजला गेले.