मांसाला साखर कशाला?

चिकन-मटणाला चोळायचे कोरडे मसाले आता पाकिटांतून सर्रास मिळतात. त्यांपैकी परदेशी धर्तीच्या ‘बार्बेक्यू रब’च्या पाकिटावरचे घटक वाचले, तर साखर किंवा ब्राऊन शुगर बऱ्याचदा यादीत अगदी वर सापडते. घरी असा मसाला करणारेही मग कृती बघून त्यात दोन-चार चमचे साखर घालतात, कोणी गुळाची पावडर घालतात. साखरेशिवाय मांसाला रंग येत नाही आणि वर खरपूस पापुद्रा धरत नाही, असा समज त्यामागे असतो. आपल्याकडच्या चुलीला, शेगडीला आणि हवेला हा समज लागू पडत नाही. वसई परिसरातल्या घरांत पिढ्यान् पिढ्या भरल्या जाणाऱ्या बाटली मसाल्यात साखरेचा कणही नसतो, आणि तो नसण्याला भक्कम रासायनिक कारणं आहेत.

हा मसाला वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची ओळख आहे. शेजारच्या वाडवळ आणि आगरी-कोळी घरांचेही आपापले मसाले आहेत, पण मांसाला चोळायच्या मसाल्याचा विचार करताना बाटली मसाला मुद्दाम पाहण्यासारखा आहे. त्यातले घटक पंचवीस-तिसांच्या घरात जातात आणि प्रमाण घरागणिक बदलतं. काश्मिरी, बेडगी, रेशमपट्टी अशा मिरच्या, धणे, जिरं, हळद, मिरी, दालचिनी, लवंग, वेलची, जायपत्री, दगडफूल, नागकेशर, खसखस, तीळ, मोहरी असं बरंच काही त्यात असतं. आणि अनोळखी माणसाला नवल वाटेल असे गहू आणि चणाडाळही असतात. एप्रिल-मेच्या कडक उन्हात हे सगळं वाळवायचं, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, कुटायचा आणि गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरायचा. पूर्वी कुटणाऱ्या बायका घरोघरी येत, आता बहुतेक जण डंखावर नेतात. मिरची इथे आली ती पोर्तुगिजांबरोबर. वसई 1534 ते 1739 त्यांच्या ताब्यात होती. म्हणजे या मसाल्याचा लाल रंग फार तर पाच शतकांचा आहे.

आता साखरेचं मूळ काम पाहू. अमेरिकेत मांसाचे मोठे तुकडे बंद भट्टीत, धुरावर, साधारण 105 ते 120 अंश सेल्सिअसला कित्येक तास शिजवतात. आपली नेहमीची साखर 160 अंशांच्या पुढे करपायला लागते, त्यामुळे तिथे ती सावकाश विरघळून मांसावर चकचकीत थर धरते. त्या पद्धतीत साखर योग्यच आहे. आपण मात्र मांस निखाऱ्यांवर किंवा तापलेल्या तव्यावर टाकतो, आणि तिथलं तापमान सहज 200 अंशांपलीकडे जातं. तुकडा आतून शिजायच्या आधीच वरची साखर काळी आणि कडू होते. मग आच कमी करावी, तर तुकड्याला पाणी सुटतं आणि तो भाजण्याऐवजी वाफेवर शिजतो. परदेशी कृती तंतोतंत करूनही हाती करपट तुकडे येतात त्याचं मोठं कारण हे आहे.

यावर पहिला आक्षेप असा की साखर नसेल तर तपकिरी रंग कुठून येणार? रंग मांसातूनच येतो. फ्रेंच संशोधक लुई-कामीय मेयार याने 1912 मध्ये शर्करा आणि अमिनो आम्लं एकत्र तापवल्यावर होणारी अभिक्रिया मांडली. भाकरीच्या पोपडीपासून भाजलेल्या मटणापर्यंतचे खमंग वास तिच्यातूनच येतात. तिला लागणारी शर्करा मांसात आधीच असते. स्नायूंमधले ऊर्जा पुरवणारे एटीपीचे रेणू जनावर मेल्यावर मोडत जातात आणि त्यातून रायबोज ही शर्करा मोकळी होते. या अभिक्रियेत रायबोज फार चपळ आहे, ग्लुकोजपेक्षा कितीतरी. उलट नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होईपर्यंत या अभिक्रियेत भागही घेत नाही. रंग येत नाही तो पाण्यामुळे. पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचं तापमान 100 अंशांवर अडकतं, आणि मेयार अभिक्रियेला खरा वेग 140 च्या आसपास येतो. इथे बाटली मसाल्यातले गहू आणि चणाडाळ कामी येतात. भाजून कुटलेलं हे पीठ मांसावरचा ओलावा शोषतं, मसाला तुकड्याला धरून ठेवतं, आणि भाजताना त्याला आलेला खमंगपणा सोबत आणतं. मिरचीतलं कॅप्सँथिन हे रंगद्रव्य चरबीत विरघळतं, त्यामुळे मांसाची चरबी वितळू लागली की लाल रंग आपोआप पसरतो.

दुसरा आक्षेप चवीचा आहे आणि तो खरा आहे: गोडव्याने तिखटाची धार खरोखर कमी होते. पण गोडवा साखरेतूनच यायला हवा असं नाही. बडीशेपेतलं अ‍ॅनेथॉल हे द्रव्य मुळात गोड लागतं, वजनाला वजन घेतलं तर साखरेपेक्षा बरंच अधिक. दालचिनीच्या वासानेही पदार्थ गोडसर भासतो. शिवाय तिखट निववायचं काम पानातल्या दुसऱ्या पदार्थावर सोपवता येतं. वसईच्या जेवणात ते तांदळाची भाकरी आणि नारळाचं दूध करतातच.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार: गहू-डाळीत स्टार्च असतो, मग याला साखरविरहित कसं म्हणायचं? वरून घातलेली साखर यात नाही, एवढंच म्हणता येतं. कर्बोदकं नाहीत असं म्हणता येणार नाही. मधुमेहींच्या दृष्टीने प्रश्न रास्त आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत. पण एका माणसाच्या वाट्याला येणाऱ्या चमचाभर मसाल्यातलं पीठ फारच थोडं असतं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर रबमधली साखरही एका जेवणापुरती फार नसते. म्हणून आरोग्याचा मुद्दा इथे मी मुख्य मानत नाही. ज्यांना पीठही नको, त्यांनी गहू-डाळ गाळून तीळ किंचित वाढवावे. मसाला थोडा कमी धरेल, एवढाच फरक.

मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा हवेचा आहे. हवेतली आर्द्रता एका पातळीच्या वर गेली की साखर आणि मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतात. शुद्ध मिठासाठी ही पातळी 75 टक्के आहे, साखरेसाठी सुमारे 85. दोन्ही एकत्र असली की दोघांच्याही पातळीपेक्षा खालीच पाणी धरायला सुरुवात होते. ब्राऊन शुगर आणि गूळ तर त्याहून ओढाळ. खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या वसई-विरारमध्ये जून ते सप्टेंबर हवा यापेक्षा दमट असते. साखर-मीठ घातलेला मसाला तिथे पंधरवड्यात गोळा होतो, आणि गोळा झालेल्या मसाल्यात बुरशीला लागणारं पाणी असतं. नुसता वाळवलेला, भाजलेला मसाला घट्ट बंद असेल तर वर्षभर टिकतो. गडद काचेला मिरची आणि हळद यांच्या रंगद्रव्यांचं नुकसान करणारा प्रकाश अडवता येतो, आणि ठासून भरल्यामुळे आत हवा कमी राहते; तीळ-खसखशीचं तेल खवट व्हायला तिचाच ऑक्सिजन लागतो. बिअरला उजेडापासून वाचवायला घडवलेली बाटली मसाल्यालाही तितकीच उपयोगी पडली.

म्हणून घरी मसाला करताना मीठही त्यात घालू नये. मीठ थेट मांसाला लावावं, किलोला साधारण दोन सपाट चमचे, आणि काही तास फ्रिजमध्ये उघडं ठेवावं. मिठाचे कण लहान असल्याने ते आत झिरपतात. मसाल्याचे बहुतेक सुगंधी रेणू तेलात विरघळणारे असतात, ते रात्रभर ठेवले तरी वरच्या काही मिलिमीटरांपलीकडे जात नाहीत. त्यामुळे मसाला भाजायच्या तासभर आधी लावला तरी पुरतो. त्याआधी तुकडा कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा. मसाल्यासाठी चार वाटे मिरची, दोन वाटे धणे, एक वाटा भाजलेली चणाडाळ आणि गहू मिळून, अर्धा अर्धा वाटा जिरं, बडीशेप आणि तीळ, पाव वाटा मिरी, तेवढीच हळद, आणि चिमटीच्या हिशेबात दालचिनी, लवंग, जायपत्री इथून सुरुवात करावी. प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगळा भाजावा, कारण तीळ तडतडतात तेव्हा धणे अजून कच्चे असतात. कुटून झाल्यावर मसाला पूर्ण गार होऊ द्यावा. गरम मसाल्याची वाफ बाटलीत कोंडली की सगळ्या वाळवणीवर पाणी पडतं.

मिरच्या निवडताना देठाशी काळी-हिरवट बुरशी दिसली तर ती मिरची टाकून द्या. तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असू शकतं आणि घरच्या भाजण्याने ते जात नाही. मांसाला लावून उरलेला मसाला परत बाटलीत घालू नका, ओला चमचा आत नेऊ नका, आणि बाटलीवर भरल्याची तारीख लिहा.