नवी वेबसाइट, घटलेली विक्री

ब्रिटनच्या मार्क्स अँड स्पेन्सर या दुकानांच्या साखळीने फेब्रुवारी २०१४ मध्ये आपलं ऑनलाइन दुकान नव्याने उघडलं. आधी ते ॲमेझॉनच्या यंत्रणेवर चालायचं. स्वतःची वेबसाइट उभारायला सुमारे १५ कोटी पौंड खर्च झाले. एप्रिल ते जून या तिमाहीत ऑनलाइन विक्री मात्र ८.१ टक्क्यांनी घटली. जुन्या गिऱ्हाइकांना पुन्हा नोंदणी करावी लागत होती. नेहमीचा माणूस दारातच अडत होता. अशा वेळी चर्चा रंगते ती रंगांची आणि फोटोंची, कारण तेवढंच डोळ्यांना दिसतं. मला वाटतं, आवडीनिवडीचा वाद बाजूला ठेवून आधी गिऱ्हाइकाची सगळी वाट स्वतः चालून पाहावी, दुकानात शिरण्यापासून पैसे भरेपर्यंत.

पहिला प्रश्न, विक्री खरंच घटली का? वेबसाइटचं रूप, म्हणजे थीम, बदलताना विक्री मोजणारा कोड अनेकदा गळून पडतो. मग आलेख कोसळतो, पण बँकेत पैसे पूर्वीसारखेच येत असतात. म्हणून आलेखाशेजारी ऑर्डरींची वही ठेवावी. येणारेच कमी झाले असतील, तर जुने पत्ते तपासावेत. वस्तूच्या पानाचा पत्ता बदलला आणि जुन्यावरून नव्याकडे वळवणारा ३०१ रीडायरेक्ट लावला नाही, तर गूगलवरून आलेला माणूस ‘पान सापडत नाही’ एवढंच वाचून परततो. लोक येतात, कार्टही भरतात आणि शेवटी निघून जातात, असं असेल तर स्वस्तातला छोटा फोन हातात घ्यावा. पिनकोड टाकायला बोट ठेवलं की कीबोर्ड अर्धा स्क्रीन व्यापतो, काही ब्राउझरमध्ये खाली चिकटलेली सवलतीची पट्टी वर सरकते आणि ‘पैसे भरा’ हे बटण तिच्याखाली दडतं. डिझायनरच्या मोठ्या स्क्रीनवर हे कधीच दिसत नाही. तपासताना खाजगी विंडो उघडावी, नाहीतर ब्राउझरने साठवलेल्या जुन्या फायली फसवतात.

यावर म्हणतात, लोकांना सवय व्हायला वेळ लागतो, थोडं थांबा. सवयीचा भाग आहेच. पण सवय मोडते ती जुन्या गिऱ्हाइकांची. पहिल्यांदाच आलेल्याला कसली सवय? नवे लोकही त्याच पायरीवरून परतत असतील, तर तिथे बिघाडच शोधायला हवा. दुसरं म्हणणं असं, की सरळ जुनं रूप परत आणा. पैसेच भरता येत नसतील तर त्याच तासाला आणावं. एरवी नाही, कारण सगळं एकदम मागे घेतलं की नेमकं काय बिघडलं होतं ते कळतच नाही. एकेक बदल मागे घेऊन पाहणं कंटाळवाणं असतं, पण बिघाड त्यातूनच सापडतो.

मोठी कंपनी एखादी वाईट तिमाही सोसते. घरगुती फराळ विकणाऱ्या छोट्या दुकानाची वर्षाची बरीचशी कमाई दिवाळीच्या पंधरवड्यात होऊ शकते. अशा दुकानदाराने नवं रूप दिवाळीनंतरच्या निवांत आठवड्यात आणावं, जुन्याची प्रत राखून, आणि पहिली ऑर्डर स्वतःच्या फोनवरून स्वतःच पैसे भरून द्यावी.