विश्लेषण : ‘शाब्बास’ म्हटल्याने काम खरेच वाढते का? आशाताईंचा अनुभव काय सांगतो?

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात सिहोरा हा धानपट्टा. रोवणी सुरू झाली की बायका सकाळीच बांधीवर जातात. गरोदर मातेची नोंद, बाळाची लस, तापाच्या रुग्णाची चौकशी यांसाठी आशाताईला त्याआधीच दार गाठावे लागते. हे काम कागदावर ‘स्वयंसेवे’चे आहे. मग ते मन लावून होते कशामुळे? कौतुकामुळे, मोबदल्यामुळे की दोन्हींमुळे?

आशाताईंचे स्थान नेमके काय?

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ मध्ये सुरू झाले आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक ‘आशा’ ही रचना आली. ती त्याच गावची असते. तिला पगार नाही. कामागणिक प्रोत्साहन रक्कम आणि ठरावीक मोबदला मिळतो. पदोन्नतीच्या पायऱ्याही मोजक्याच. त्यामुळे गावाने आणि वरिष्ठांनी दिलेल्या मानाला तिच्या कामात मोठे स्थान आहे.

कामात ‘मन असणे’ म्हणजे काय?

अमेरिकी संशोधक विल्यम कान यांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली. माणूस कामावर हजर असतो, पण मनाने हजर असेलच असे नाही. आपल्या कामाला अर्थ आहे, इथे आपण सुरक्षित आहोत आणि आपल्यात बळ आहे, असे वाटले तरच तो त्यात जीव ओततो. कौतुक यातील पहिल्या गोष्टीला हात घालते. गॅलप संस्था कर्मचाऱ्यांना जे १२ प्रश्न विचारते, त्यातही एक प्रश्न ‘गेल्या सात दिवसांत चांगल्या कामाबद्दल शाबासकी मिळाली का’ असा आहे.

प्रयोगांत काय दिसले?

अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्सेस्का जिनो यांनी २०१० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांपैकी एका गटाला संचालकांनी स्वतः भेटून आभार मानले. पुढच्या आठवड्यात त्या गटाचे फोन ५० टक्क्यांहून अधिक वाढले. दुसऱ्या गटात तसा फरक पडला नाही. या लोकांचा पगार ठरलेला होता. फोन वाढवून जादा पैसे मिळणार नव्हते. ‘आपली किंमत कोणाला तरी आहे’ ही भावना त्यामागे होती, असे संशोधकांना आढळले.

२०१६ मधील आणखी एका अभ्यासात माहिती भरणाऱ्या गटांतील उत्तम काम करणाऱ्या तिघांपर्यंत आभारपत्रे दिली गेली. गंमत म्हणजे, पत्र न मिळालेल्यांचे कामही सुधारले. सरसकट सर्वांना पत्र दिल्यावर तेवढा परिणाम दिसला नाही.

मग कौतुक पुरेसे आहे का?

नाही. २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांना ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’ पुरस्कार जाहीर केला. करोनाकाळातील कामाची ही मोठी पावती होती. मात्र त्याआधी जून २०२१ मध्ये राज्यातील आशा मोबदल्यासाठी संपावर गेल्या होत्या आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मासिक मोबदल्यात पाच हजार रुपयांची वाढ मंजूर केली.

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये याचे कारण सांगून ठेवले आहे. पगार आणि कामाची परिस्थिती वाईट असेल तर असमाधान वाढते; मान आणि यश यांमुळे उत्साह वाढतो. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. मोबदला थकलेला असताना गळ्यात पडलेला हार टोचतो तो यामुळेच.

सिहोऱ्यासारख्या गावात काय करता येईल?

कौतुक नेमके हवे. ‘छान काम’ म्हणण्यापेक्षा ‘पुरात तुम्ही त्या मातेला वेळेत दवाखान्यात आणले’ हे वाक्य जास्त काळ लक्षात राहते. ते लगेच हवे. वर्षाअखेरच्या सत्कारापर्यंत थांबू नये. महिन्याच्या बैठकीत गटप्रवर्तक किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याने नाव घेऊन केलेला उल्लेख, ग्रामसभेत मानलेले आभार यांना खर्च येत नाही. दरवेळी तेच नाव घेतले गेले तर मात्र बाकीच्या हिरमुसतात.

आणि सर्वांत साधी दाद म्हणजे ठरलेले पैसे ठरलेल्या तारखेला देणे. हाच नियम बँकेच्या शाखेला, राईस मिलला आणि शाळेलाही लागू आहे. शब्दांमागे व्यवहार उभा असेल, तरच शाबासकी कामाला बळ देते.