तापलेला खोका आणि शंभर कोटी डॉलरचा धडा

धंद्यात नफा कसा मिळवावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. विकलेला माल खराब निघाला तर काय करावे, हे सांगणारे थोडे. म्हणून या वेळी आम्ही वाचकांपुढे एका यंत्राची हकिकत ठेवीत आहोत. यंत्र आहे मुलांच्या खेळण्याचे, पण त्याच्या उष्णतेचा चटका जगातल्या एका बलाढ्य कंपनीला बसला. दुकानदार, दुरुस्ती करणारे कारागीर आणि घरातल्या मुलांसाठी असे यंत्र विकत घेणारे पालक, तिघांनाही या हकिकतीतून घेण्यासारखे बरेच आहे.

१९९० च्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून, कॅसेट घालून खेळायचे व्हिडिओ गेम आले, ते अनेकांना आठवत असतील. ती यंत्रे साधी होती. त्यांत पंखा नव्हता, कारण त्याची गरजच पडत नसे. पुढे चित्रे जिवंत वाटावीत अशी दिसू लागली, तशी आतली चिप जास्त वीज खाऊ लागली. खाल्लेली वीज शेवटी उष्णताच होते. मायक्रोसॉफ्टने २२ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकेत एक्सबॉक्स ३६० बाजारात आणला, तेव्हा त्याच्यासोबत २०३ वॉटचा वीजपुरवठ्याचा ठोकळा होता. जुन्या ४० वॉटच्या पाच ट्यूबलाइटना लागेल एवढी ही क्षमता. भारतात हे यंत्र सप्टेंबर २००६ मध्ये आले.

घाई कशाची होती?

मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स सोनीच्या प्लेस्टेशन २ पुढे फार मागे पडला होता. सोनीचे पुढचे यंत्र येण्याआधी बाजार काबीज करावा, हा कंपनीचा हिशेब होता. तो हिशेब एका अर्थी बरोबर निघाला. प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये आले, म्हणजे मायक्रोसॉफ्टला पूर्ण एक वर्ष मोकळे मैदान मिळाले. सुमारे ३०० आणि ४०० डॉलर किमतीचे दोन प्रकार काढले आणि मागणीही भरपूर आली.

पण खोका आटोपशीर दिसावा म्हणून आत दाटी झाली होती. चित्रे तयार करणारी चिप डीव्हीडी ड्राइव्हच्या खाली बसवलेली होती. त्यामुळे तिची उष्णता शोषून घेणारा धातूचा भाग, ज्याला कारागीर हीटसिंक म्हणतात, तो बुटका ठेवावा लागला. उष्णता बाहेर पडायला हवी तेवढी वाट राहिली नाही.

तीन लाल दिवे

यंत्राच्या बटणाभोवती चार भागांचे गोल कडे होते. सारे ठीक असले की ते हिरवे दिसे. यंत्र बिघडले की त्यातले तीन भाग लाल होऊन मिचकू लागत आणि खेळ तिथेच संपे. ग्राहकांनी त्याला ‘मृत्यूचे लाल कडे’ असेच नाव देऊन टाकले.

बिघाड नेमका कशाने होत होता? वस्तू तापली की प्रसरण पावते, थंड झाली की आकसते, हे शाळेतले विज्ञान आहे. चिपचे सिलिकॉन आणि ते ज्यावर बसते तो पाया यांचे प्रसरण सारखे नसते. त्यांना जोडणारे सोल्डरचे बारीक मणी मध्ये ताणले जातात. यंत्र सुरू केले, तापले. बंद केले, निवले. असे शेकडो वेळा झाले की मण्याला तडा जातो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी तुटते, तसाच हा प्रकार.

बरीच वर्षे लोकांचा समज होता की तडा मदरबोर्डवरच्या जोडणीला जातो. डिसेंबर २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सच्या इतिहासावर माहितीपटांची मालिका काढली. तीत हे यंत्र घडविणाऱ्या टॉड होल्मडाल यांनी उलगडा केला की जोडणी तुटत होती ती चिपच्या आत, बोर्डावर नव्हे. केवळ जास्त तापमानापेक्षा वारंवार तापणे आणि निवणे हेच घातक ठरले होते.

यावरून त्या काळी गाजलेल्या टॉवेलच्या उपायाचे रहस्यही कळते. काही जण बंद पडलेले यंत्र टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवीत. तापले की तुटलेले टोक टोकाला टेकून यंत्र काही दिवस चालूही होई. पण तो इलाज नव्हता. आग लागण्याचा धोका मात्र होता.

नाकारण्यापासून मान्य करण्यापर्यंत

सुरुवातीला कंपनीचे म्हणणे असे होते की तीन ते पाच टक्के यंत्रे बिघडणे या धंद्यात चालायचेच. अमेरिकेत वॉरंटी अवघी ९० दिवसांची होती. ती संपल्यावर दुरुस्तीला सुमारे १४० डॉलर मोजावे लागत. तक्रारी थांबेनात, तेव्हा डिसेंबर २००६ मध्ये वॉरंटी एक वर्षाची केली. तरीही ओघ आटला नाही.

अखेर ५ जुलै २००७ रोजी कंपनीने जाहीर केले की तीन लाल दिव्यांच्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची राहील आणि ज्यांनी आधी पैसे भरून हीच दुरुस्ती करून घेतली, त्यांचे पैसे परत मिळतील. त्यासाठी १०५ ते ११५ कोटी डॉलरची तरतूद केली. तेव्हाच्या सुमारे ४० रुपयांच्या दराने ही रक्कम ४,२०० कोटी रुपयांच्या वर जाते. त्या वेळी या विभागाचे प्रमुख असलेल्या पीटर मूर यांनी २०१५ मध्ये सांगितले की यातले २४ कोटी डॉलर केवळ कुरियरचे होते. ग्राहकाकडे रिकामा खोका पाठवायचा, त्यात यंत्र मागवायचे आणि दुरुस्त करून घरपोच परत करायचे, असा तो खर्च. हा निर्णय झाला नसता तर एक्सबॉक्स हे नावच उरले नसते, असेही मूर यांचे मत आहे.

अमेरिकेतील स्क्वेअरट्रेड ही वॉरंटी विकणारी कंपनी आहे. तिने २००९ मध्ये आपल्याकडील सुमारे १६,००० यंत्रांच्या नोंदी तपासल्या. दोन वर्षांत बिघडण्याचे प्रमाण एक्सबॉक्स ३६० मध्ये २३.७ टक्के, प्लेस्टेशन ३ मध्ये १० टक्के आणि निन्टेन्डोच्या वी या यंत्रात २.७ टक्के निघाले. वी हे तिघांत कमी ताकदीचे आणि कमी वीज खाणारे होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

दोष एकाच कंपनीचा होता असेही नाही. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील आपल्या काही चिपांच्या आवरणातील कच्च्या मालामुळे १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचे सांगितले.

मायक्रोसॉफ्टने पुढे चिपा कमी वीज खाणाऱ्या केल्या आणि २०१० मध्ये खोक्याची रचनाच बदलली. विश्वास परत आला. या यंत्राची एकूण विक्री ८ कोटी ४० लाखांच्या घरात गेली आणि २०१६ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

आपल्या दुकानासाठी

मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात आपले अनेक तरुण आहेत. गरम हवेच्या गनने चिप तापवून ‘चालू करून दिले’ असे सांगणे सोपे आहे. पण तडा चिपच्या आत असेल तर ते काम टॉवेलाच्याच जातीचे होय. गिऱ्हाइकाला आधीच सांगावे की हे किती दिवस टिकेल याची हमी नाही. पैसे घेण्यापूर्वी सांगितलेली गोष्ट माहिती ठरते, नंतर सांगितली तर बहाणा ठरते.

पालकांनी यंत्र बंद कपाटात, गादीवर किंवा गालिच्यावर ठेवू नये. जाळ्या मोकळ्या ठेवाव्यात, धूळ काढावी आणि खरेदीची पावती जपून ठेवावी. २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाने झालेल्या हानीची भरपाई उत्पादकाकडून, काही परिस्थितींत विक्रेत्याकडून आणि सेवा देणाऱ्याकडूनही मागता येते, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावे.

मायक्रोसॉफ्टच्या तिजोरीत शंभर कोटी डॉलर होते, म्हणून दीड वर्षाच्या टाळाटाळीनंतरही तिला चूक निस्तरता आली. आमच्या गल्लीतल्या दुकानदाराजवळ तेवढी तिजोरी नसते. त्याला पहिल्याच तक्रारीला कान द्यावा लागतो, कारण गेलेले गिऱ्हाईक कुरियरने परत मागवता येत नाही.