एकवीस अधिक सात

गेल्या महिन्यात भाची आमच्याकडे आली ती तोंड पाडूनच. दोन-दोन, तीन-तीन महिने पाळी येत नाही म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला गोळ्या लिहून दिल्या होत्या. घरी कळलं की या तर संततिनियमनाच्या गोळ्या! झालं, माझ्या धाकट्या बहिणीनं घर डोक्यावर घेतलं. "लग्नाआधी असल्या गोळ्या? पुढे मूल होणार नाही!" भाचीनं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "मावशी, आता तूच सांग."

मला १९९१ साल आठवलं. मी बँकेत होते, धाकटा तीन वर्षांचा होता आणि बढतीची परीक्षा तोंडावर आली होती. शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीनं कानात नाव सांगितलं, दुकानदारानं वर्तमानपत्रात गुंडाळून पाकीट दिलं. त्यानं काही विचारलं नाही, मीही नाही. अठ्ठावीस गोळ्या. एकवीस गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरकं, वेगळ्या रंगाच्या सात नुसत्या लोहाच्या. स्त्रीबीज बाहेर पडूच द्यायचं नाही, हे या गोळीचं मुख्य काम.

सुरुवातीला मळमळ झाली, मधूनच डाग दिसले. दोन-तीन महिन्यांत ते थांबलं. पण मला लहानपणापासून अर्धशिशी. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी उजेड नाचायचा. तो आता वरचेवर येऊ लागला, खतावणीतले आकडे दिसेनासे होत. मी दोष दिला मार्चअखेरीच्या कामाला. पुढे एका वृद्ध डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "डोकं दुखण्याआधी काही चमकतं का हो?" उत्तर ऐकताच म्हणाल्या, "गोळ्या आजपासून बंद." अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेन घेतलं तर पक्षाघाताचा धोका वाढतो. तो एक प्रश्न आधी कोणी विचारला असता तर!

अमेरिकेत १९६० साली ही गोळी मंजूर झाली, तेव्हा एका गोळीत इस्ट्रोजेन असे सुमारे १५० मायक्रोग्रॅम. आज ते बहुधा २० ते ३५ असतं. रक्ताच्या गुठळ्यांच्या तक्रारी वाढल्या, १९७० मध्ये तिथल्या सिनेटपुढे सुनावणी झाली आणि पाकिटात माहितीचा कागद घालणं भाग पडलं. म्हणून तो कागद फेकू नये.

बँकेत मुरलेल्या माणसाला जमा आणि नावे दोन्ही बाजू पाहायची सवय असते. वर्षभरात दहा हजार स्त्रियांमागे गोळी न घेणाऱ्यांपैकी १ ते ५ जणींना गुठळी होते, घेणाऱ्यांपैकी ३ ते ९ जणींना, आणि गरोदरपणी ५ ते २० जणींना. स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, तर बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा कमी होतो. रक्तस्राव आणि पोटदुखीही कमी होते. गोळी थांबवली की गर्भधारणेची क्षमता परत येते.

मात्र पस्तिशीपुढे सिगारेट ओढणाऱ्या, रक्तदाब वाढलेल्या, पूर्वी गुठळी झालेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावू नये. क्षयावरच्या रिफॅम्पिसिननं गोळीचा परिणाम घटतो, हेही ध्यानात हवं. पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली, धाप लागली तर वाट पाहू नये.

हे सारं भाचीला सांगितलं आणि मग बहिणीला फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, तू घेत होतीस? इतक्या वर्षांत बोलली नाहीस कधी."

खरंच होतं. कादंबऱ्यांतून बायकांची दुःखं लिहिली, पण सख्ख्या बहिणीला हे सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दवाखान्यात गेलो. भाचीचा रक्तदाब पाहिला गेला, डोकेदुखीची चौकशी झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अजून काही शंका?" सगळ्यांत आधी माझ्या बहिणीनंच तोंड उघडलं.