ठाण्यात वसई सापडेना

आत्याचा फोन आला तोच वैतागलेल्या आवाजात. "अरे, ठाणे निवडलं की खालच्या यादीत शहापूर येतं, मुरबाड येतं. वसई कुठाय?" तिला माहेरच्या जमिनीचा सातबारा काढायचा होता.

"आत्या, पालघर निवड."

पलीकडे क्षणभर शांतता. "अगोबाई! ते वेगळं झालं नाही का!"

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. आत्याच्या डोक्यातला नकाशा त्याआधीचा. पण तिचं तरी काय चुकलं? तालुका ठाऊक, गाव ठाऊक, सर्व्हे नंबर तोंडपाठ. साइट अडून बसली होती ती नेमक्या अशा प्रश्नावर, ज्याचं उत्तर साइटच्या स्वतःच्या पोटात होतं.

जिल्हा, तालुका, गाव अशा एकाखाली एक उघडणाऱ्या याद्यांमागे डेटाबेसमध्ये साधारणपणे तीन टेबलं असतात. जिल्ह्यांच्या टेबलात 36 ओळी, तालुक्यांच्या टेबलात साडेतीनशेच्या वर, गावांच्या टेबलात चाळीस हजारांहून जास्त. प्रत्येक ओळीला आपापला क्रमांक. तालुक्याच्या ओळीत जिल्ह्याचं नाव लिहीत नाहीत, जिल्ह्याचा क्रमांक लिहितात. गावाच्या ओळीत तालुक्याचा. कारण नावं दगा देतात. खेड पुणे जिल्ह्यात आहे, रत्नागिरीतही आहे. कर्जत रायगडात आणि अहिल्यानगरात. मालेगाव म्हणजे नाशिकचं की वाशिमचं? वडगावांची तर मोजदादच नको. शिवाय नावं बदलतात. उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा टेबलं नीट बांधलेल्या ठिकाणी एका ओळीतला एक शब्द बदलला की काम संपलं.

या मांडणीची खरी परीक्षा पालघरसारख्या वेळी होते. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके ठाण्यातून निघाले. शेकडो गावांचा जिल्हा बदलला, पण गावांच्या टेबलाला हात लावायचं कारणच नाही. जिल्ह्यांच्या टेबलात एक नवी ओळ, तालुक्यांच्या टेबलात आठ ठिकाणी जुना क्रमांक खोडून नवा. बस्स. गावागावापुढे 'ठाणे' लिहून ठेवलं असतं, तर त्यातलं एखादं गाव हमखास मागे राहिलं असतं. (जुन्या कागदांचं दुखणं निराळं. 2010 सालचा दस्त 'जिल्हा ठाणे' म्हणतो आणि बरोबरच म्हणतो. तिथे क्रमांकाबरोबर 'कधीपासून कधीपर्यंत' हेही नोंदवावं लागतं, आणि तेच बहुतेक जण विसरतात.)

ही टेबलांची कल्पना एडगर कॉड यांची. आयबीएममध्ये काम करताना 1970 साली त्यांनी ती एका शोधनिबंधात मांडली. तोवरच्या डेटाबेसमध्ये नोंदी एकमेकींना जणू दोऱ्यांनी बांधलेल्या असत. हवी ती नोंद गाठायची, तर प्रोग्रॅमरने एकेक दोरा धरत पुढे सरकायचं. अशा डेटाबेसचे एक जनक चार्ल्स बाकमन यांना 1973 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रॅमरला चक्क नॅव्हिगेटर म्हटलं, माहितीच्या दर्यातून वाट काढणारा. कॉड यांना ही दर्यावर्दीगिरीच नको होती. काय हवं ते सांगा, वाट यंत्र शोधेल, हा त्यांचा आग्रह. ट्युरिंग पुरस्कार त्यांनाही मिळाला, 1981 साली, आणि पुढे रोजच्या व्यवहारात त्यांचीच पद्धत रुळली.

त्या पद्धतीत वरून खाली अशी सक्तीची दिशा नसते. वसईच्या ओळीतला जिल्हा क्रमांक वापरून पालघरचे तालुके काढता येतात, तसाच वसईचा जिल्हाही काढता येतो. डेटाबेसला दोन्ही सारखंच. म्हणजे कॉडनी आतून हटवलेली वाट साइट बांधणाऱ्यांनी बाहेर पुन्हा घातली, आणि घातली तीही एकेरी!

अर्थात वाट घालण्यामागे कारण आहे. चाळीस हजार नावांची यादी मोबाइलवर कोण सरकवत बसणार? म्हणून आपण जिल्हा निवडला की ब्राउझर सर्व्हरला फक्त क्रमांक कळवतो: 12 नंबरच्या जिल्ह्याचे तालुके द्या. दहापंधरा नावं येतात आणि दुसरी चौकट भरते. पण मधल्या त्या क्षण-दोन क्षणांत घोळ होतो. मी स्वतः तो घातलेला आहे. कुणीतरी पुणे निवडलं, चूक लक्षात येताच सातारा केलं. नेटवर्क रडतखडत चाललेलं. साताऱ्याचं उत्तर आधी आलं, पुण्याचं मागून, आणि सातारा जिल्ह्याखाली हवेली-मुळशी झळकू लागले. उपाय दोन ओळींचा: आलेलं उत्तर आत्ता निवडलेल्या जिल्ह्याचंच आहे ना, हे बघायचं, नसेल तर टाकून द्यायचं. जिल्हा बदलताक्षणी खालच्या दोन्ही चौकटी रिकाम्या करणंही तितकंच गरजेचं, नाहीतर जुनं गाव नव्या जिल्ह्याला चिकटून बसतं.

याद्यांचा क्रम हे आणखी एक कुसळ. युनिकोडच्या क्रमांकांत 'ळ' हा 'ल'च्या लगेच मागे आहे, आपल्या वर्णमालेत तो 'ह'च्या नंतर येतो. म्हणून राज्यभरच्या यादीत मावळ आधी आणि माळशिरस नंतर हवं असेल, तर डेटाबेसला मराठीचा क्रम वेगळा सांगावा लागतो. न सांगितल्यास माळशिरस पुढे घुसतं. शाळेत बाराखडी घोटलेल्या माणसाला ते कुठेतरी खुपतंच.

आत्यासाठी खरं तर आणखी एकच चौकट पुरली असती. तिथे 'वसई' टाइप करायचं, वरचा जिल्हा साइटने भरायचा. 'खेड' टाइप केलं तर 'खेड, पुणे' आणि 'खेड, रत्नागिरी' अशा दोन ओळी दाखवून विचारायचं, यातलं कुठलं? याला नवं टेबल लागत नाही, आहे तो दुवा उलट दिशेने वाचायचा.

आत्याने तोवर थांबायचं कशाला? परवा तिच्याकडे गेलो, तर सातबाऱ्याच्या प्रिंटवर कोपऱ्यात निळ्या पेनाने लिहिलेलं होतं: 'आधी पालघर.'