ट्रॉली, ट्रॅक्टरची

ट्रॅक्टरच्या मागे जोडून ओढावयाचे व स्वतःचे एंजिन नसलेले मालवाहू वाहन. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे मोटार वाहनाने ओढल्या जाणाऱ्या, अर्ध-ट्रेलर व साइडकार वगळून, कोणत्याही वाहनास ट्रेलर म्हणतात. शेतीची ट्रॉली हा त्याचाच एक प्रकार होय. यूरोप व अमेरिकेत मोटारीमागे जोडण्याची, झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली छोटी फिरती घरे रूढ आहेत. त्यांची जोडणी, चाके व दिवे यांची तत्त्वे ट्रॉलीसारखीच असतात आणि त्यांत उद्‌भवणारे दोषही बहुतांशी तेच असतात. मराठवाड्यात अशी फिरती घरे प्रचारात नाहीत, तथापि ऊसतोडीला निघालेली कुटुंबे भांडीकुंडी, धान्य व कोपीचे सामान ट्रॉलीतूनच नेतात, आणि मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होणाऱ्या माळेगावच्या (ता. लोहा, जि. नांदेड) खंडोबाच्या यात्रेत ट्रॉलीवर ताडपत्री टाकून मुक्काम केल्याचे दृश्य नेहमीचे आहे. ट्रॉलीची नोंदणी मात्र मालवाहतुकीसाठी होते, प्रवाशांसाठी नव्हे. तीत माणसे बसली असता किरकोळ दोषही जीवघेणा ठरू शकतो.

लातूर व नांदेड जिल्ह्यांत ट्रॉलीचा उपयोग सोयाबीन, तूर, हरभरा व कापूस बाजारात नेण्यासाठी, शेणखत व गाळ शेतात टाकण्यासाठी आणि मुख्यतः उसासाठी होतो. मांजरा, भाऊराव चव्हाण इ. सहकारी कारखान्यांच्या परिसरात साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल या गाळप हंगामात ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात व उरलेले महिने उन्हापावसात उभ्या असतात. एंजिन नसल्याने ट्रॉलीत बिघडण्यासारखे काही नाही, असा समज आढळतो. प्रत्यक्षात तिचे बहुतेक गंभीर अपघात पिन, ग्रीस, हवा, नट व दिव्याची तार अशा अल्पमोलाच्या गोष्टींतून उद्‌भवतात, आणि यांपैकी जवळजवळ प्रत्येक दोष आधी आवाज, उष्णता, झुकाव वा झीज यांच्या रूपाने सूचना देतो. ती सूचना ट्रॉली रिकामी असताना ओळखणे हेच दुरुस्तीचे पहिले सूत्र होय.

रचना : पोलादी सांगाड्यावर हौदा, त्याच्या बाजूंना उघडणारे फाळके, खाली कमानीचे पाटे, आस व चाके आणि पुढे ट्रॅक्टरला जोडणारा दांडा, अशी ट्रॉलीची सर्वसाधारण रचना असते. दांड्याच्या टोकाची कडी ट्रॅक्टरच्या हुकात बसवून त्यांतून पिन घालतात. दोन चाकी ट्रॉलीत भाराचा काही अंश ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. चार चाकी ट्रॉलीत सर्व भार तिच्याच चाकांवर असतो व पुढील आस वळणाऱ्या चकतीवर बसविलेला असतो. काही ट्रॉल्यांचा हौदा ट्रॅक्टरच्या द्रवीय दाबयंत्रणेने मागे कलंडविता येतो.

भाराची मांडणी : दोन चाकी ट्रॉली ही एक तरफ असून आस हा तिचा टेकू होय. हुकापासून आस ३ मी. अंतरावर आहे व भार ४,००० किग्रॅ. आहे असे मानल्यास, भाराचा गुरुत्वमध्य आसाच्या ३० सेंमी. पुढे असता हुकावर सु. ४०० किग्रॅ. भार येतो. हाच गुरुत्वमध्य आसाच्या ३० सेंमी. मागे गेल्यास हुक तितक्याच प्रेरणेने वर उचलला जातो. परिणामी ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड कमी होते व ट्रॉली नागमोडी हेलकावे घेऊ लागते. याउलट भार फार पुढे असल्यास चढावर ट्रॅक्टरची पुढील चाके हलकी होऊन सुकाणूचा प्रभाव नाहीसा होतो. म्हणून जड पोती आसाच्या किंचित पुढे व तळाशी ठेवणे इष्ट असते. उसाच्या मोळ्या फाळक्यांच्या वर उंच रचल्या व मागे बाहेर काढल्या, तर गुरुत्वमध्य एकाच वेळी वर व मागे सरकतो. वळणावर बाहेर फेकणारी प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केल्यास ती चौपट होते. उंच रचलेली ट्रॉली वळणावर उलटते, याचे कारण बहुधा या दोन गोष्टींच्या संयोगात असते. हेलकावे सुरू झाल्यास सुकाणूला झटके देऊ नयेत वा गतिरोधक एकदम दाबू नये; वेग हळूहळू कमी करावा व थांबल्यावर भार, टायरमधील हवा, पिन आणि बेअरिंग ही याच क्रमाने तपासावी.

जोडणी : निघताना वा थांबताना हुकाजवळ ‘ठक्क’ असा आवाज येत असेल, तर पिन अथवा कडी झिजली आहे असे समजावे. पिन हुकाच्या छिद्राच्या मापाची हवी. तिच्याऐवजी बांधकामाची सळई, बोल्ट वा नांगराचा तुकडा वापरण्याची प्रथा अत्यंत घातक आहे. मऊ लोखंड वाकते आणि धक्क्यांच्या पुनरावृत्तीने तुटते. पिन वर उडू नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला अडकवण क्लिप असणे आवश्यक असते. ती हरवल्यास तारेने काम भागवू नये. मुख्य जोडणी तुटली तरी दांडा जमिनीत रुतू नये यासाठी दोन साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेदून लावतात. दांडा व सांगाडा यांच्या वितळजोडावर रंगाला बारीक तडा किंवा गंजाची रेघ दिसल्यास तो जोड आतून फुटत असण्याचा संभव असतो. अशा जागी वरून नुसता जोडाचा थर न देता तडा पूर्ण खोदून नव्याने जोडावे व वर पट्टी बसवावी.

चाकांची बेअरिंगे : पूर्वीच्या बैलगाडीच्या आसाला वंगण देण्याची दक्षता शेतकरी घेत असे, ट्रॉलीच्या बाबतीत ती झाकलेल्या हबमुळे दृष्टीआड झाली. हबमध्ये सामान्यतः निमुळत्या रुळांची दोन बेअरिंगे असतात. काळ्या चिकण जमिनीतून व ओढ्यातून गेल्यावर झिजलेल्या सीलमधून चिखलपाणी आत शिरते, ग्रीस पांढरट होऊन धुपते व रुळांवर खड्डे पडतात. तपासणीसाठी रिकाम्या ट्रॉलीचे चाक उचलून वर व खाली धरून हलवावे. खळखळ जाणवल्यास बेअरिंग सैल किंवा झिजलेले असते. फिरवताना घरघर ऐकू आल्यास ते खराब झालेले असते. रस्त्यावर १०-१५ किमी. गेल्यानंतर थांबून प्रत्येक हबजवळ हाताची मागील बाजू नेऊन पाहावी. एकच हब इतरांहून स्पष्टपणे गरम लागल्यास पुढे जाऊ नये. दुरुस्तीत बेअरिंग रॉकेल वा डीझेलने धुऊन, पूर्ण वाळवून, रुळांच्या फटींत नवे ग्रीस दाबून भरतात व सील बदलतात. चाक फिरवीत आसाचा नट किंचित अडथळा जाणवेपर्यंत आवळतात आणि मग थोडा मागे सोडून नवी फुटकी पिन घालतात. नट फार आवळल्यास बेअरिंग तापून जळते व सैल राहिल्यास चाक लंगडते.

टायर व नट : कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दुमडतो व आतून तापतो. उन्हाळ्यात या भागातील तापमान ४०° से.च्या वर जात असल्याने अशा टायरचा स्फोट भर दुपारी व पूर्ण भारावर होतो. हवा टायर थंड असताना, निर्मात्याने सांगितलेल्या दाबाइतकी व दोन्ही बाजूंना सारखी भरावी. प्रवासात गरम झालेल्या टायरमधील हवा कमी करू नये. बाजूच्या भिंतीवरील खोल भेगा या उन्हाच्या व वयाच्या खुणा असून, नक्षी शिल्लक असली तरी असा टायर भारासाठी निरुपयोगी समजावा. चाकाचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी आवळावेत. चाक बदलल्यावर सु. ५० किमी. अंतर गेल्यानंतर ते पुन्हा आवळणे आवश्यक असते. नटाभोवती गंजाची तांबडी धूळ दिसणे हे तो सैल असल्याचे लक्षण होय.

पाटे व आस : सपाट जमिनीवर रिकामी ट्रॉली एका बाजूस झुकलेली दिसल्यास त्या बाजूचा पाटा तुटलेला, मधला बोल्ट कापलेला किंवा यू-बोल्ट सैल झालेला असतो. टायर एकाच कडेने झिजत असल्यास आस वाकला किंवा सरकला असण्याची शक्यता असते. दांड्याच्या कडीपासून आसाच्या दोन्ही टोकांपर्यंतची अंतरे दोरीने मोजावीत. ती समान नसल्यास आस तिरका आहे. दोन्ही अंतरे जुळवून यू-बोल्ट आवळल्यावर टायरची अनियमित झीज बहुधा थांबते.

गतिरोधन : अनेक लहान ट्रॉल्यांना स्वतंत्र गतिरोधक नसतो. थांबताना ट्रॉलीचा सर्व रेटा ट्रॅक्टरवर येतो आणि तो तिरका असल्यास दोन्ही वाहने कात्रीसारखी दुमडतात. ट्रॅक्टरला शेतात वळण्यासाठी डाव्या व उजव्या चाकांची दोन स्वतंत्र गतिरोधक-पेडले असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ती खटक्याने एकत्र जोडलीच पाहिजेत, अन्यथा एकाच बाजूचे चाक थांबून ट्रॅक्टर उलटू शकतो. अहमदपूर, लोहा, कंधार या बालाघाटाच्या पट्ट्यातील उतारांवर उतरण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा व उतार संपेपर्यंत तो बदलू नये. इंधन वाचविण्यासाठी गिअर काढून ट्रॉली सोडणे म्हणजे एंजिनाचा रोध हातचा घालविणे होय. उभ्या ट्रॉलीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावावी व निघताना तो दगड रस्त्याबाहेर टाकावा.

दिवे व परावर्तक : ट्रॉलीचे मागील दिवे ट्रॅक्टरला प्लगने जोडतात. दिवा न लागल्यास बल्ब, प्लगच्या पिना, भूयोजन व तार या क्रमाने तपासणी केल्यास दोष लवकर सापडतो. दिशादर्शक लावताच मागील इतर दिवे मंदपणे उघडझाप करू लागले, तर भूयोजन सदोष असते. सांगाड्यावरील रंग व गंज खरवडून जोड स्वच्छ करावा. फाळक्याच्या बिजागरीजवळ तारेचे आवरण घासून उघडे पडते, म्हणून तेथे ती रबरी नळीतून नेतात.

या दोषाचे परिणाम इतर सर्व दोषांहून गंभीर असतात, कारण ते मागून येणाऱ्या निरपराध माणसाला भोगावे लागतात. लातूर, अहमदपूर, लोहा व नांदेड यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. ३६१ रुंद झाल्यापासून त्यावरील वाहनांचा वेग वाढला आहे. ताशी ८० किमी. वेगाचे वाहन सेकंदाला सु. २२ मी. अंतर तोडते. खाली वळविलेल्या दिव्यांच्या प्रकाशात बिनदिव्याची काळपट ट्रॉली सु. ५० मी. अंतरावरून दिसते असे धरल्यास, चालकाला भान येऊन पाय गतिरोधकावर जाईपर्यंत दीड सेकंदात ३३ मी. संपतात आणि कोरड्या चांगल्या रस्त्यावरही थांबण्यास आणखी ३५ ते ४० मी. लागतात. म्हणजे टक्कर टळत नाही. मागे तांबडे व पुढे पांढरे परावर्तक आणि बाजूंना परावर्तक पट्टी असल्यास हीच ट्रॉली शंभराहून अधिक मीटरांवरून दिसते व थांबण्यास पुरेसा अवधी मिळतो. उसाची टोके मागे लोंबत असल्यास दिवा व परावर्तक दोन्ही झाकले जातात. म्हणून भाराच्या शेवटच्या टोकावर स्वतंत्र परावर्तक बांधावा. चिखलाने माखलेले परावर्तक नसल्यासारखेच असल्याने ते दररोज पुसावे लागतात.

द्रवीय यंत्रणा : हौदा अडखळत उचलला गेल्यास तेल कमी असते किंवा नळीत हवा शिरलेली असते, आपोआप खाली बसत असल्यास सिलिंडराचे सील झिजलेले असते. उचललेल्या हौद्याखाली मजबूत टेकू दिल्याशिवाय शिरू नये. उताराच्या जागी व विजेच्या तारांखाली हौदा उचलू नये.

रस्त्यात बिघाड झाल्यास : ट्रॉली शक्य तितकी डाव्या कडेबाहेर घ्यावी, चाकांना उटी लावावी, तीत कोणी असल्यास उतरवून रस्त्यापासून दूर बसवावे आणि परावर्तक त्रिकोण सु. ५० मी. मागे, वळण असल्यास वळणाच्या अलीकडे ठेवावा. झाडाची फांदी वा दगड हा त्याला पर्याय नव्हे. रात्री ते दिसत नाहीत. जॅक लावण्यापूर्वी भार उतरवावा व जॅकखाली जाड फळी ठेवावी, कारण काळी जमीन, विशेषतः ओली असता, दबते. केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या ट्रॉलीखाली कोणीही जाऊ नये. दुरुस्ती तेथे होणार नसल्यास भरलेली ट्रॉली रात्रभर रस्त्यावर सोडण्यापेक्षा दुसऱ्या ट्रॅक्टरने जवळच्या मोकळ्या जागी हलवावी.

निगा : प्रत्येक फेरीपूर्वी पिन व क्लिप, साखळ्या, टायर, नट, दिवे आणि परावर्तक पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. हंगामात आठवड्यातून एकदा पाटे, यू-बोल्ट व वितळजोड तपासावेत. दसऱ्याच्या सुमारास, गाळप सुरू होण्यापूर्वी, सर्व हब उघडून नवे ग्रीस भरावे. हंगाम संपल्यावर हौदा धुऊन वाळवावा. रासायनिक खतांचे कण तळाच्या पत्र्यावर राहिल्यास ओलाव्याने गंज झपाट्याने वाढतो. नंतर रंग उडालेल्या जागी लेप देऊन, आसाखाली ओंडके लावून व टायर सावलीत राहतील अशा रीतीने ट्रॉली उभी करावी. या कामांसाठी बहुतेक सर्व साहित्य गावात मिळते व फारसे विशेष कौशल्य लागत नाही. मात्र मालक, चालक व ऊसतोडीचा मुकादम यांपैकी ते कोणी करावयाचे, हे हंगामापूर्वी ठरलेले असावे लागते. जेथे ही जबाबदारी निश्चित नसते तेथे क्लिप हरवल्याचे सर्वांना माहीत असते आणि ती कोणीच बसवीत नाही.